मॉरिशस : पायी पाहण्याचे बेट



आमच्या बारामती-इंदापूरच्या बाजूला एक काळ असा होता की, काशी करून आलेल्या माणसाला पाहायला सारा गाव लोटत असे. आता विमानाने मॉरिशसला जाऊन आलेला माणूस भेटला तरी कुणाला त्याचे फारसे नवल वाटत नाही. मात्र या मंडळींना ‘तिथं काय केलंत?’ असे विचारले, तर उत्तर बहुधा ठरलेले असते. समुद्र पाहिला, होडीत बसलो, हॉटेलात जेवलो! समुद्र चांगलाच आहे. त्याबद्दल वाद नाही. पण चार हजारांहून अधिक किलोमीटर उडून जावयाचे आणि वाळूत बसून परत यावयाचे, हा सौदा मला काही पटत नाही. मी कॉलेजात भूगोल शिकवतो. गेल्या काही वर्षांत एकदा, उन्हाळ्याच्या सुटीच्या शेवटी, मी माझ्या चुलत्यांबरोबर आठ दिवस मॉरिशसमध्ये हिंडलो. त्या हिंडण्याविषयी आज बोलणार आहे. ज्यांना तिकडे जाणे जमेल त्यांनी ते करून पाहावे. ज्यांना जमणार नाही त्यांच्याही उपयोगाचे त्यात थोडे आहे.

चुलते म्हणजे आमचे तात्या. वय सत्तरीच्या पुढे. सबंध हयात नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस केला. त्यांना मी बरोबर का नेले, असे घरात बऱ्याच जणांनी विचारले. खरे सांगायचे तर खर्च त्यांचा होता आणि इंग्रजी माझे.

आधी बेटाची थोडी ओळख. मॉरिशसचे मुख्य बेट सुमारे १,८६५ चौरस किलोमीटरांचे. आपल्या पुणे जिल्ह्याच्या एक-अष्टमांश धरा. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला अठरा अंशांवर, तर ते दक्षिणेला वीस अंशांवर. अंतर जवळपास सारखेच, पण बाजू उलटी. त्यामुळे आपल्याकडे ज्येष्ठ तापतो तेव्हा तिकडे हिवाळा असतो. मे ते ऑक्टोबर हा काळ तिथे थंड आणि त्यातल्या त्यात कोरडा. हिंडाफिरायला हाच बरा. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत उकाडा, पाऊस आणि अधूनमधून चक्रीवादळे. वादळाची सूचना तिथे एक ते चार अशा पायऱ्यांनी देतात. फेब्रुवारी १९६० च्या ‘कॅरोल’ वादळाने हजारो घरे जमीनदोस्त केली, त्याची आठवण जुन्या माणसांत अजून निघते. तेव्हा सुटी केव्हा काढायची, हे विमानाचे तिकीट स्वस्त केव्हा आहे एवढ्यावरच ठरवू नये.

पहिल्याच सकाळी आम्ही क्युरपिप गावी गेलो. बेटाच्या मधल्या पठारावर हे गाव आहे आणि गावाला लागूनच ‘त्रू-ओ-सेर’ नावाचे ज्वालामुखीचे तोंड आहे. फ्रेंच भाषेत या नावाचा अर्थ ‘हरणांचा खड्डा’. डच लोकांनी १६३९ साली जावा बेटावरून तिथे सांबरासारखी हरणे आणून सोडली. त्याच साली त्यांनी ऊसही आणला. खड्ड्याचा व्यास सुमारे तीनशे मीटर. आतल्या उतारावर दाट झाडी आणि तळाशी थोडेसे पाणी. काठाकाठाने गोल रस्ता आहे, आणि आपल्याकडे जशी माणसे सकाळी कालव्याच्या कडेने फिरायला निघतात, तशी तिथली माणसे ज्वालामुखीच्या काठाने फिरतात. निजलेल्या ज्वालामुखीला ती भीत नाहीत. गेली कित्येक हजार वर्षे या बेटावर उद्रेक झालेला नाही.

वर्गात हा धडा शिकवताना दरवर्षी एक तरी मुलगा विचारतो, “सर, आपला दगड ज्वालामुखीचा, मग आपल्या ज्वालामुखीचं तोंड कुठाय?” प्रश्न उत्तम आहे. आपल्याकडे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा निघाला तो मुख्यतः जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून. तो पातळ रस दूरवर पसरला, थरावर थर साचले. म्हणून आपल्याकडे शंकूसारखा डोंगर आणि त्याच्या डोक्यावर खड्डा असा देखावा नाही. आपले डोंगर सपाट माथ्याचे आणि पायऱ्यापायऱ्यांचे. तोंड पाहायचे असेल तर ते क्युरपिपला पाहायला मिळते.

पण यापुढची गोष्ट अधिक नवलाची आहे. चुलीवर तवा ठेवून तो हळूहळू एका बाजूला सरकवीत गेलो, तर खालची ज्योत जागच्या जागी राहते आणि तव्यावर ओळीने डाग पडत जातात. पृथ्वीच्या पोटात अशीच एक ज्योत आहे, आणि तिच्यावरून भूखंडाचा तवा उत्तरेकडे सरकत गेला आहे, असे भूशास्त्रज्ञ मानतात. पहिला आणि सर्वांत मोठा डाग म्हणजे आपले दख्खन. मग लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस बेटांखालचा समुद्रातला डोंगर. त्यानंतर, ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी, मॉरिशस. आज ही ज्योत मॉरिशसच्या पलीकडे सुमारे दोनशे किलोमीटरांवर, रीयुनियन या फ्रेंच बेटाखाली आहे. तिथला पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी आजही वारंवार लाव्हा ओकतो. म्हणजे बारामतीच्या विहिरीत मुरूम आणि मांजऱ्याखाली जो काळा कातळ लागतो तो, आणि मॉरिशसचा दगड, ही एकाच आईची लेकरे. वयात मात्र पुष्कळ अंतर.

हे सारे मी तात्यांना त्या काठावर उभे राहून समजावून सांगितले. त्यांनी रस्त्याच्या कडेचा एक दगड उचलला, दुसऱ्या दगडावर वाजवून पाहिला आणि म्हणाले, “तू एवढं बोलायच्या आधीच मला कळलं हुतं. ह्यो आपलाच कातळ हाय.” आणि दगड होता तिथे परत ठेवला.

त्याच दिवशी दुपारी बारा-साडेबाराच्या सुमारास आम्ही एका उसाच्या फडाशी उभे होतो. तात्या आपल्या पायाकडे पाहत होते. “सावली उलटी पडलीय,” ते म्हणाले. आपल्याकडे जूनच्या सुरुवातीला भर दुपारी सावली पायाखालीच असते. तिथे ती जवळजवळ माणसाएवढी लांब, आणि पडते दक्षिणेकडे, कारण सूर्य उत्तरेला असतो. मी त्यावरही त्यांना पाच मिनिटांचे व्याख्यान दिले. त्या व्याख्यानाची फेड मला तिसऱ्या दिवशी करावी लागली. ती कशी, ते सांगतो.

मॉरिशसचे डोंगर उंचीने फार नाहीत. सर्वांत उंच शिखर काळ्या नदीकडचे, ८२८ मीटर. आपला सिंहगड त्याहून उंच. पण हे डोंगर समुद्रापासून एकदम उठतात आणि त्यांचे आकार विचित्र. पीटर बोथ नावाच्या शिखराच्या टोकावर तर एक भला मोठा धोंडा डोक्यावर घागर ठेवावी तसा बसलेला आहे. त्याच्या शेजारचा ‘ल पूस’, म्हणजे अंगठा. ८१२ मीटरांचा हा डोंगर साध्या माणसाला चढता येतो. वाट उसाच्या रानातून निघते, मग झाडीतून खिंडीवर येते. शेवटचा टप्पा तेवढा हात टेकून चढावा लागतो. चार्ल्स डार्विन हा थोर निसर्गशास्त्रज्ञ बीगल जहाजावरून परतताना या बेटावर उतरला, तेव्हा २ मे १८३६ रोजी तो हा अंगठा चढून गेला होता. डार्विन चढला म्हणून मीही चढावे, असे मनात आले. तात्यांचे गुडघे चढणीला नकार देतात. ते पायथ्याशी उसाजवळ थांबले.

मी निघालो अडीच वाजता. दिवस मोठा आहे असे मी मनात धरून चाललो होतो, कारण महिना जूनचा! भूगोलाच्या शिक्षकाने ही चूक करावी याची आजही लाज वाटते. तिथे जून म्हणजे वर्षातले सर्वांत लहान दिवस. पावणेसहाच्या आत सूर्य मावळतो, आणि त्या भागात संधिप्रकाश रेंगाळत नाही, पडदा पडावा तसा अंधार होतो. शिखरावर पोहोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. खाली ढग आले होते. एका बाजूला पोर्ट लुई बंदर आणि दुसऱ्या बाजूला उसाची राने दिसतात असे ऐकले होते. मला दोन्हीकडे पांढरा कापूस दिसला. थंडगार वारा, तिरपे ऊन, सारा थाट पौष महिन्यातला. आणि पौषात तिरपे ऊन दक्षिणेच्या अंगाने येते, हे शरीराला चाळीस-पंचेचाळीस वर्षे ठाऊक आहे. तात्या दक्षिणेकडच्या पायथ्याशी. मी उन्हाच्या बाजूची वाट धरली आणि बंदराकडे, अगदी उलट दिशेने, उतरू लागलो. पुस्तकातले ज्ञान डोक्यात होते. पाय मात्र बारामतीचे होते.

वीसेक मिनिटांनी खालून दोन तरुण वर येताना भेटले. त्यांना इंग्रजी थोडेच येत होते. आपसात ती क्रिओल बोलत होती. मी बोटाने ऊस, म्हातारा माणूस आणि मोटार अशी खाणाखुणांनी हकिगत सांगितली. त्यांनी हसू दाबून मला मागे वळवले, खिंडीपर्यंत बरोबर आले आणि खरी वाट दाखवली. खाली पोहोचलो तेव्हा काळोख पडला होता आणि मोबाइलच्या उजेडात मी पाऊल टाकीत होतो. तात्या बांधावर उभे. एक शब्द न बोलता त्यांनी पाण्याची बाटली दिली. मोटारीत बसल्यावर मग म्हणाले, “पोरांना भूगोल शिकवतोस, आन् सूर्य कुठल्या अंगाला आसतो ते माझ्याकडनं ऐकून बी इसरलास व्हय रं?”

तेव्हा चढणार असाल तर सकाळी लवकर निघा, एकटे जाऊ नका, पाणी आणि पावसाचा अंगरखा बरोबर घ्या. विषारी साप त्या बेटावर नाही. ही गोष्ट मात्र तात्यांनी शेवटपर्यंत मान्य केली नाही. ऊस म्हटला की नाग आलाच, असे त्यांचे म्हणणे, आणि ते फडात शिरण्याआधी प्रत्येक वेळी काठी आपटीत.

मी डोंगरावर असताना तात्यांनी खाली काय पाहिले, ते मला माझ्या चढाईपेक्षा मोलाचे वाटते. मॉरिशसच्या उसाच्या रानांत जागोजागी काळ्या दगडांचे ढीग आहेत. काही नुसते रचलेले, काही लांबच लांब ताली घातल्यासारखे, आणि दक्षिणेकडच्या काही रानांत तर पायऱ्यापायऱ्यांचे, देवळाच्या शिखरासारखे. प्रवासी त्यांचे फोटो काढतात आणि पुढे जातात. तात्या त्या ढिगांपाशी तीन तास होते. ते म्हणाले, “ह्या रानात नुसतं दगुडच हुतं. येचल्याबिगर नांगुर चालला नसता. किती मानसं लागली आसतील?”

ही माणसे कोण होती, ते इतिहास सांगतो. पहिल्यांदा आफ्रिका आणि मादागास्करमधून आणलेले गुलाम. १ फेब्रुवारी १८३५ रोजी तिथली गुलामगिरी कायद्याने संपली. पण त्याच्या आदल्याच वर्षापासून मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून कराराचे मजूर आणायला सुरुवात केली होती, आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसे तिथे उतरली. त्यांत बिहार-भोजपूरची सर्वांत जास्त, मद्रासकडची बरीच, आणि मुंबई बंदरातून गेलेली आपली मराठी माणसे, विशेषतः रत्नागिरीच्या बाजूची. पोर्ट लुईला धक्क्यावर जिथे त्यांना उतरवीत, तो आप्रवासी घाट आजही पाहायला मिळतो. त्याच्या दगडी पायऱ्या सोळा. २००६ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशात घेतले. बेटाच्या दुसऱ्या टोकाला ‘ल मोर्न’ नावाचा ताशीव कड्याचा डोंगर आहे, ५५६ मीटरांचा. पळालेले गुलाम त्याच्या माथ्यावर लपून राहत. मुक्तीची बातमी सांगायला शिपाई वर आले, तेव्हा ते पकडायलाच आले असे समजून माणसांनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी कथा तिथे सांगतात. तोही २००८ पासून जागतिक वारसा आहे. या डोंगराचा खालचा भाग सहज चालता येतो. वरचा कठीण आहे, तिथे जाणता वाटाड्या घेतल्याशिवाय जाऊ नये. पायथ्याच्या समुद्रात पतंगाला बांधून लाटांवर घसरण्याचा खेळ चालतो आणि जगभरची माणसे त्यासाठी येतात. खेळ देखणा आहे. पण खेळून झाल्यावर एकदा मान वर करून त्या कड्याकडे पाहावे, असे मला वाटते.

मराठी माणसांचा शोध घेतलात तर ती भेटतील. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुटी असते. कास्कावेल गावचा गणेशोत्सव मराठी वस्तीचा म्हणून ओळखला जातो. घरात पुष्कळांची बोली क्रिओल झाली आहे, पण मराठी शाळांतून आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेत शिकवली जाते, आणि कोकणातल्या जाखडीची बहीण शोभावी अशी ‘झाकरी’ गाणी अजून होतात. पूर्वजाचे नाव बंदरावरच्या कारकुनाच्या कानी जसे पडले तसे कागदावर उतरले, आणि पुष्कळ घरांत तेच पुढे आडनाव होऊन बसले. आम्ही मोरगावच्या तालुक्यातले, असे तात्यांनी एका घरी सांगितले, तेव्हा त्या घरातल्या म्हातारीने मोरया म्हणून हात जोडले. त्यापुढे दोघांचे बोलणे काही चालेना, पण चहा मात्र दोनदा झाला.

आता समुद्राकडे वळतो. नाहीतर तुम्ही म्हणाल, मास्तर समुद्राला विसरले. या बेटाला बहुतेक सगळीकडून प्रवाळाच्या भिंतीचे कडे आहे. मोठ्या लाटा त्या भिंतीवर फुटतात आणि आतले पाणी तळ्यासारखे शांत राहते. म्हणून तिथे लहान मुलेही निर्धास्त डुंबतात. पण दक्षिणेला सुयाकजवळ ‘ग्री ग्री’ नावाचा किनारा आहे, तिथे ही भिंत तुटलेली आहे. लाटा थेट कड्यावर येऊन आदळतात. तिथे पोहू नये. उभे राहून पाहावे. भिंत काय काम करते ते तिथे पाच मिनिटांत कळते. ब्लू बे येथे काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ पाहता येतात, किंवा तोंडाला नळी लावून वर तरंगत पाहता येतात. पायात रबरी बूट असावेत, कारण खडकांत काटेरी साळूसारखे जीव बसलेले असतात. प्रवाळावर पाय देऊ नये. तो दगड दिसला तरी जिवंत असतो.

या भिंतीवरच २५ जुलै २०२० रोजी ‘वाकाशियो’ नावाचे मोठे मालवाहू जहाज चढले, ब्लू बेपासून थोड्याच अंतरावर. ऑगस्टच्या सुरुवातीला त्याची टाकी फुटली आणि सुमारे हजार टन तेल पाण्यात आले. तेव्हा बेटावरची माणसे कुणाची वाट न पाहता किनाऱ्यावर जमली. त्यांनी कापडाच्या लांब पिशव्या शिवल्या, त्यांत उसाचे पाचट भरले, आणि त्या पाण्यावर तरंगत्या बांधासारख्या टाकून तेल अडवले. आपल्याकडे पाचट पेटवून देण्याची सवय अजून पुरती गेलेली नाही. तात्यांना ही हकिगत मी सांगितली तेव्हा त्यांनी ती दोनदा ऐकली.

बाकीचे थोडक्यात. शामारेलला सात रंगांची माती आहे; लाव्ह्याचा दगड कुजून त्यातले लोखंड आणि ॲल्युमिनियम मागे उरले म्हणजे असे रंग चढतात. महाबळेश्वरचा जांभा ज्यांनी नीट पाहिला आहे त्यांना त्याचे कुळ ओळखता येईल. सुयाकजवळच्या रॉचेस्टर धबधब्याला दगडाचे उभे खांब आहेत, मुंबईच्या गिल्बर्ट हिलसारखे. गंगा तलाव हेही ज्वालामुखीचेच तोंड; महाशिवरात्रीला लाखो माणसे घरून पायी तिथे जातात, आणि ती वारी पाहताना पंढरीच्या वाटेची आठवण होते. ब्लॅक रिव्हर खोऱ्याचे राष्ट्रीय उद्यान १९९४ साली झाले. त्यातल्या पायवाटा तासाभराच्याही आहेत आणि दिवसभराच्याही. तिथल्या ससाण्याची जात १९७४ साली चार पक्ष्यांवर आली होती. डोडो पक्षी याच बेटावर सतराव्या शतकात नाहीसा झाला, हे आपण शाळेत शिकवतो. ससाणा मात्र माणसांनी अंडी उबवून, पिले वाढवून वाचवला, हेही शिकवावे. आमच्या सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा पाहायला जाणाऱ्यांना, किंवा भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पाहणाऱ्यांना, याचे मोल निराळे सांगायला नको.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, सावलीचा प्रयोग शाळेत करून पाहण्याजोगा आहे. अंगणात एक सरळ काठी ओळंब्यात रोवा आणि आठवड्यातून एकदा सूर्य डोक्यावर येतो त्या वेळी सावलीच्या टोकाला खूण करा. बारामतीला मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस एकेक दिवस असा येतो की सावली नाहीशी होते. मे महिन्यात शाळा बंद असते. जुलैअखेर पाऊस असावा, पण आमच्याकडचा पाऊस तुम्हांला ठाऊकच आहे. ऊन बहुधा सापडते. या दोन दिवसांच्या मधल्या काळात आपलीही सावली जराशी दक्षिणेला पडते, इतकी थोडी की कुणाच्या ध्यानात येत नाही. मॉरिशसला काठीची सावली नाहीशी होते ती नोव्हेंबरच्या बाविसाव्या आणि जानेवारीच्या विसाव्या तारखेच्या आसपास. दोन्हींचा तक्ता शेजारी शेजारी लावला की मुलांना ऋतू उलटे का, ते न सांगता उमजते.

आमच्या मळ्यात तात्यांनी अशी एक काठी रोवली आहे. तिला वासरू बांधू नये म्हणून ते रोज दुपारी स्वतः जाऊन पाहतात.